अनुभव धागा: घरच्या कॉम्प्युटरवर खाजगी फायली कशा जपता?

घरात कॉम्प्युटर एकच आणि हात लावणारे पाच-सहा, असं आपल्यापैकी बऱ्याच जणांकडं आहे. पोरांचा प्रोजेक्ट त्यावरच, दुकानाचं जीएसटी त्यावरच, सुट्टीत पाहुण्यांची पोरं आली की गेमपण त्यावरच. मग आपली डायरी, मेडिकल रिपोर्ट, कुणाला न दाखवलेल्या कविता ठेवायच्या कुठं? खाजगी म्हटलं की लोक लगेच भलता अर्थ काढतात याचा मला फार राग येतो, स्वतःपुरतं काही ठेवायला माणसाला कारण द्यायला लागू नये. तर तुम्ही काय करता, कशाचा उपयोग झाला, कशाचा नाही, सविस्तर लिहा.

मी विंडोजमध्ये स्वतःचं वेगळं अकाउंट काढलंय आणि बाकीच्यांसाठी एक स्टँडर्ड अकाउंट ठेवलंय. स्टँडर्डच, अ‍ॅडमिन (सगळे अधिकार असलेलं) नाही, कारण अ‍ॅडमिनवाला दुसऱ्याच्या फोल्डरवर गेला की परवानगी नाही असा एक मेसेज येतो, खाली 'कंटिन्यू' असतं, ते दाबलं की सरळ आत.

शाहूपुरी, दुरुस्तीवाला

ताई, अकाउंट चांगलं हाय पण ते घरातल्यांपुरतं. मी या धंद्यात हाय म्हणून स्पष्ट सांगतो. 2019 च्या महापुरात आणि परत 2021 ला लै मशिनं आमच्याकडं आली, ज्यांची हार्डडिस्क पाण्यात गेली नव्हती त्यांचा डेटा आम्ही डिस्क काढून दुसऱ्या मशिनला केबलनं जोडून काढून दिला, आणि विंडोजचा पासवर्ड एकालाही विचारायला लागला नाही. तो पासवर्ड विंडोज चालू होताना विचारतंय, डिस्कवरची फाईल त्यानं बंद होत न्हाई. तीच गोष्ट हिडन फोल्डरची. प्रॉपर्टीजमध्ये हिडनला टिक केली की फोल्डर दिसायचा बंद होतो खरा, पण व्ह्यूमध्ये जाऊन 'हिडन आयटम्स' केलं की जरा फिकट रंगात सगळं समोर. आठवीतलं पोरगं पण करतंय हे. आणि डिलीट केलं म्हणजे गेलं असं समजू नका, जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर वरून दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत रिकव्हरीवाल्या सॉफ्टवेअरनं बरंच परत येतंय. एसएसडीवर, म्हणजे नवीन चिपवाल्या डिस्कवर, सहसा येत न्हाई. मशीन दुरुस्तीला टाकायच्या आधी एवढं ध्यानात ठेवा, सगळीच दुकानं सारखी नसतात.

ताराबाई पार्क, वकील

वरच्या भावांनी लिहिलंय ते अगदी बरोबर, म्हणूनच मी लपवायच्या भानगडीत न पडता फायली एन्क्रिप्टच करते, म्हणजे पासवर्डशिवाय वाचताच येणार नाहीत अशा करून ठेवते. ऑगस्ट 2025 मध्ये इथं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झाल्यापासून काम वाढलंय, कागद रात्री घरी बघायला लागतात, त्यात घटस्फोट, पोटगी, वाटणी अशी प्रकरणं, आणि कोल्हापूर केवढं, कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही. मी व्हेराक्रिप्ट वापरते. फुकट आहे, पूर्वीचं ट्रूक्रिप्ट 2014 ला बंद पडलं त्याच्याच कोडवरनं केलेलं. आपण एक मोठी फाईल तयार करायची, पासवर्ड घालून ती माउंट केली की एम म्हणा झेड म्हणा, एक नवीन ड्राइव्ह दिसतो, त्यात नेहमीसारखं काम करायचं आणि उठताना डिसमाउंट, म्हणजे तो ड्राइव्ह बंद. हे डिसमाउंट सगळ्यात महत्त्वाचं, ड्राइव्ह उघडा ठेवून चहाला गेलं तर पासवर्ड असून नसल्यासारखा. सेटिंगमध्ये काही मिनिटं वापर नसला की आपोआप बंद व्हायची सोय आहे, ती चालू करून ठेवा. आणखी एक, वर्ड अलीकडं उघडलेल्या फायलींची यादी दाखवतं, आणि त्याची ऑटोरिकव्हरची (आपोआप सेव्ह होणारी) कॉपी त्या ड्राइव्हच्या बाहेर पडते. फाईलचं नाव पक्षकाराच्या नावानं असेल तर यादीत नुसतं नाव वाचूनसुद्धा माणसाला कळायचं ते कळतं. मी नावं केस नंबरनं ठेवते.

विद्यापीठ, पीएचडी चालू

उद्यमनगरातल्या फौंड्री कामगारांच्या मुलाखती आहेत माझ्याकडं, नाव बाहेर येणार नाही असा शब्द दिलाय सगळ्यांना. फायली एकत्र बांधून पासवर्ड घालायला सेव्हन-झिप वापरतो. पासवर्ड घालताना फायलींची नावं पण एन्क्रिप्ट करायची टिक असते ती करायची, ती झिपला येत नाही, फॉरमॅट सेव्हन-झेडच घ्यावा लागतो. नाहीतर आतलं उघडत नाही पण नावं सगळी दिसतात. काम झालं की बाहेर काढलेली कॉपी आठवणीनं काढून टाकायची.

नाव नको

माझं कारण वेगळं आहे. घरी त्रास होता, त्याचे फोटो आणि मेसेज जपून ठेवायचे होते आणि कॉम्प्युटरचा अ‍ॅडमिन ज्याचा त्रास तोच. अशा मशीनवर कुठलीही युक्ती करू नका हे मी कळकळीनं सांगते. आपण टाईप करतो ते नोंदवून ठेवणारं सॉफ्टवेअर असतं, मग पासवर्ड कितीही मोठा घाला, तो तिथंच कळतो. मी सगळं माहेरी कळंब्याला भावाच्या लॅपटॉपवर ठेवलं, नवीन मेल आयडी तिथंच काढला, घरच्या कॉम्प्युटरवर तो एकदाही उघडला नाही, आणि ओटीपीसाठी आईचा नंबर दिला. मेल आयडी माझ्या फोनवरसुद्धा नव्हता. पुढं वकिलांकडं गेले तेव्हा सगळं तारखेसकट हातात होतं. कुणी बहीण यातून जात असेल तर तिनं हे वाचावं म्हणून लिहिलं.

रंकाळा, निवृत्त बँक अधिकारी

सर्वांचे अनुभव वाचले, शेवटच्या ताईंना मनापासून बळ. माझा मुद्दा चावीचा. नवीन विंडोज 11 लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की डिस्क बऱ्याचदा आपोआप एन्क्रिप्ट होते, ते आपल्या लक्षातही येत नाही. बायोस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर किंवा मदरबोर्ड बदलल्यावर निळा स्क्रीन येऊन 48 आकडी रिकव्हरी की मागतो, ती नसेल तर दुरुस्तीवालाही काही करू शकत नाही. लॅपटॉप मुलानं त्याच्या अकाउंटनं चालू करून दिलेला असेल तर की त्याच्या अकाउंटमध्ये असते, ती आजच मागून घ्या. मी छापून बँकेच्या लॉकरमध्ये एफडीच्या पावत्यांबरोबर ठेवलीय आणि लॉकर आमच्या दोघांच्या नावावर आहे. व्हेराक्रिप्टचा पासवर्डही पाकिटात बंद करून तिथंच ठेवलाय. त्यातली नॉमिनेशनची कागदं आणि विम्याचे नंबर माझ्यामागं मिसेसना लागणार, ते कुठं आहेत एवढं तिला दाखवून ठेवलंय. माझ्या डायऱ्यांचा पासवर्ड मात्र त्या पाकिटात नाही, तसं तिला सांगितलंय आणि तिनं ते मान्य केलंय.