नवीन कांजी कार्डाला काय दाबायचं?

अंकी या फ्लॅशकार्डांच्या ॲपमध्ये कांजीचं (जपानी चित्राक्षराचं) नवं कार्ड पहिल्याच खेपेला आठवलं तर 'ईझी' बटण दाबायचं का, असा या चर्चेतला मूळ प्रश्न होता. वर कोणीतरी 'विसरलात तर हार्ड दाबा' असंही सुचवलंय. ते मात्र अजिबात करू नका. अंकीत 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण घाम फुटला. आठवलंच नाही तर सरळ 'अगेन', त्यात लाज कसली? २०२३ मध्ये अंकीत आलेला एफएसआरएस (कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ठरवणारा अल्गोरिदम) सुद्धा 'हार्ड'ला पास धरतो, मग विसरलेली कार्डंही लांब लांब जायला लागतात.

आता 'ईझी'. मूळ सेटिंगमध्ये 'गुड'ने कार्ड दहा मिनिटांनी परत येतं, 'ईझी'ने थेट चार दिवसांनी. कांजीत फसगत इथेच होते. 'मोत्सु' (धरणे) आणि 'मात्सु' (वाट पाहणे) घ्या: दोन्हींत उजवीकडे तेच देवळाचं चिन्ह, डावीकडे एकात हाताचं, दुसऱ्यात चालण्याचं. एकेकटी सोपी वाटतात, जोडीदार आला की घोळ. त्यात 'सामुराई'ची कांजी येते, देवळाशेजारी माणूस घेऊन!

मी मडगाव-पणजी बसमध्ये कार्डं करतो. तळहातावर बोटाने गिरवता आलं तरच 'गुड'. शेजारचे बघतात, बघू देत. हिरागाना (जपानीची उच्चारावर चालणारी अक्षरं) आधीच पक्का असेल तर तिथे खुशाल 'ईझी' दाबा.