भावाला बीएस्सी नर्सिंगला टाकायचंय नाशिकमध्ये, घरचे म्हणतात पोराला सिस्टर करणार का

सिन्नरची_ताई:
नमस्कार, भाऊ यंदा बारावी झाला, पीसीबीला ५८ टक्के, नीटमध्ये काही हाती लागलं नाही पण नर्सिंगची सीईटी दिलेली आहे. तो स्वतःच म्हणतोय बीएस्सी नर्सिंग करतो. पप्पा सातपूरला कंपनीत आहेत, ते म्हणतात चार वर्षं कशाला घालवायची, तीन वर्षांचा नर्सिंगचा डिप्लोमा, जीएनएम कर आणि कामाला लाग. मामा तर सरळ बोलला, पोराला सिस्टर करणार का तुम्ही. तर डिग्रीने खरंच फरक पडतो का, मुलांना घेतात का? आणि कॉलेज कसं बघायचं? एक एजंट घरी येऊन फोटो दाखवून गेला, बिल्डिंग हॉटेलसारखी आहे एकदम.

नाईट_ड्युटी:
मी ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे, मामांना माझा नमस्कार सांगा 😄 आयसीयू, कॅज्युअल्टी, ओटी, डायलिसिस इथे मुलांना बोलावून घेतात. फक्त एम्सच्या नॉरसेटमध्ये, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीच्या परीक्षेत, ८० टक्के जागा बायकांना, २० पुरुषांना, म्हणजे मुलांना जास्त घासावी लागते, हे आधीच माहीत असू दे. लागलं तर केंद्राच्या पगाराची लेव्हल ७, बेसिकच ४४,९००.
जीएनएमचं म्हणाल तर मी तेच केलंय. प्रायव्हेटला सुरुवातीला दोघांचा पगार जवळपास सारखाच, सलाईनही दोघं सारखीच लावतात. अडतं ते पुढे. एमएस्सी करायची म्हटल्यावर मला आधी दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करावं लागलं, म्हणजे तीन अधिक दोन, पाच वर्षं गेली की. नॉरसेटलाही जीएनएमवाल्याला दोन वर्षांचा अनुभव मागतात, तोही किमान ५० बेडच्या हॉस्पिटलचा, बीएस्सीवाला पास झाला की डायरेक्ट बसतो. पप्पांना हे एक वर्षाचं गणित समजावून सांगा.

थर्ड_इयर_नाशिक:
ताई बिल्डिंग बघू नका!! डिग्री जवळपास सगळ्यांना म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचीच मिळते, परीक्षा तीच, आठ सेमिस्टर तीच, फरक पडतो तो हॉस्पिटलमुळे. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का आणि त्यात खरे पेशंट आहेत का ते बघा. माझ्या आधीच्या कॉलेजचं (नाव नाही घेत) हॉस्पिटल म्हणजे नुसत्या चादरी घातलेले बेड, पेशंट नावाला चार, मग आम्हाला बसने दुसरीकडे नेणार, तिथे एका आजोबांभोवती आम्ही बाराजणी, एक बीपी घेणार बाकीच्या वहीत उतरवणार, केअर प्लॅन तर सिनियरच्या फाईलवरून. दुसऱ्या वर्षाला होते तरी कॅथेटर हातात धरला नव्हता. कॉलेज बदललं तेव्हा कागदपत्रांसाठी किती खेटे मारले ते विचारूच नका, ओरिजिनल कुणाकडे ठेवायची नाहीत एवढं लक्षात ठेवा.
सकाळी दहा-अकराला न सांगता जा. ओपीडीला लाईन आहे का, लेबर रूम चालू आहे का बघा आणि कॅन्टीनला बसलेल्या पोरींना विचारा, त्या खरं सांगतात, ऑफिसवाले नाही सांगणार.
आणि भावाला सांगा, पहिल्या वर्षाला बेडपॅन, स्पंज बाथ सगळं करावं लागतं. आमच्या बॅचचे दोन जण तिथूनच पळाले.

पाड्यावरची_सीएचओ:
सगळे हॉस्पिटलचंच बोलताहेत म्हणून लिहिते. मी सुरगाण्याकडे उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर आहे. बीपी-शुगरवाले, गरोदर बाया, लहान लेकरं, पावसाळ्यात साप चावलेले, डॉक्टर येईपर्यंत मीच. पूर्वी यासाठी बीएस्सीनंतर सहा महिन्यांचा कोर्स वेगळा करावा लागायचा, मी केलाय, आता तो सिलॅबसमध्येच आलाय. नोकरी कंत्राटी आहे, ते दुखणं आहेच, रेंज नाही, ॲपमध्ये एंट्री मात्र रोज पाहिजे 🙄 पण इथे लोक नावाने हाक मारतात.

नाईट_ड्युटी:
एक राहिलं. बाहेर जायचं डोक्यात असेल तर जर्मनीला भाषा बी२ लेव्हलपर्यंत लागते, ती शिकायला वेळ जातो, तिसऱ्या वर्षापासूनच सुरू करायची. गल्फला साधारण दोन वर्षांचा अनुभव आणि तिकडची लायसन्सची परीक्षा. कॉलेजवाले शंभर टक्के फॉरेन प्लेसमेंट म्हणाले तर हसून बाहेर यायचं.

सिन्नरची_ताई:
खूप आभार सगळ्यांचे. पप्पांना तीन अधिक दोनचं पटलं, मामा अजून फुगलेलाच आहे. उद्या भाऊ त्या हॉटेलवाल्या बिल्डिंगच्या हॉस्पिटलला जातोय, मी म्हटलं ॲडमिशनचं बोलूच नको, पोट दुखतंय म्हणून सरळ केसपेपर काढ.