अनुभव सांगा: मुलांचा ब्लॉग आणि आपली मिरवायची हौस

घाटाखालची_आई

नमस्कार मंडळी, काल रात्री जाऊबाईंचा फोन, 'अगं ते विहिरींवर लिहिते ती तुझीच पोरगी ना?' आणि मला उगाचच भरून आलं, म्हणून हा धागा. लेक दहावीत आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्याजवळ लिंबची बारा मोटांची विहीर बघायला गेलो होतो, शाहू महाराजांच्या काळातली, 1719 ते 1724 मध्ये बांधलेली. आम्ही सेल्फी काढतोय आणि ही वरती उन्हात मोजत बसलेली. मोटेचं (बैलांनी ओढून वर आणायची चामड्याची पखाल) पाणी ओतायच्या जागा बारा नाहीत, पंधरा आहेत म्हणे. घरी येऊन तेवढ्यावरच ब्लॉगवर चार पानं लिहिली, मी वाचलीसुद्धा नाहीत (खोटं कशाला बोलू). आठवड्याने खाली एका आजोबांची कमेंट, बाळ, त्या जागेला थारोळं म्हणतात. ही धावत आमच्या सासऱ्यांकडे, 'आबा, थारोळं माहितीये का?' आबा म्हणाले, माहितीये म्हणजे, मी लहानपणी मोट हाकलीये. बारा वर्षं एका घरात राहतोय आणि हे कुणाला ठाऊक नाही, कारण कुणी विचारलंच नाही! मग नाडा, सोंदूर, धाव सगळ्यावर एकेक लेख. जाड दोर तो नाडा, बारीक तो सोंदूर, बैल खाली-वर करतात ती उतरती वाट म्हणजे धाव, हे मला चाळिशीत कळलं. आता महिन्याला हजारभर लोक वाचतात, कुणी कुणी आपल्या गावच्या बारवेचे फोटो पाठवतं. मी लिंका फॅमिली ग्रुपवर टाकते तर ही चिडते, 'आई तू मला ओशाळं करतेस.' तुमच्याकडे काय परिस्थिती? अभिमान नेमका ठेवायचा कुठे?

वजाबाकी

मी केलेली चूक सांगतो. मुलगा क्रिकेटच्या आकड्यांवर लिहायचा, मी प्रत्येक पोस्टचं शुद्धलेखन तपासून ऱ्हस्व-दीर्घाची यादी व्हॉट्सॅपवर पाठवायचो. मला वाटायचं हेच प्रेम. एक दिवस त्याने मला ब्लॉक केलं, म्हणजे स्वतःच्या बापाला! आता चोरून वाचतो, बायकोच्या फोनवरून. 'आणि' अजूनही दीर्घ लिहितो पण लिहितो झकास.

म्हापशेकर

आमचा पोरगा बारावीत, मासळीबाजारावर लिहितो. आज इस्वण केवढ्याला, तारल्यो आल्या की नाही, चणक कुठल्या बाईकडे चांगली मिळते असलं. मी म्हटलं पावसात काय लिहिशील, आमच्या गोव्यात 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस ट्रॉलर बंद. तर त्याने त्या दोन महिन्यांत आजीच्या सुक्या मासळीवर लिहिलं, खारो बांगडो, सुंगटांची किसमूर, डबा कसा उन्हात ठेवायचा, आणि तेच सगळ्यात जास्त वाचलं गेलं. ऑगस्टात बाजारात गेलो तर नेहमीची बाई विचारते, 'तुजो पूत न्हय रे तो?' हो म्हटलं. चार बांगडे जास्त घातले तिने पिशवीत. पोराला सांगितलं तर म्हणतो, पप्पा परत द्या, नाहीतर तिच्या मासळीबद्दल खरं कसं लिहू? गप परत जाऊन पैसे देऊन आलो. बाई हसली. मी मात्र घरी येईपर्यंत छाती फुगवून स्कूटर चालवत होतो.

शेवगा

पैशांचं कुणी लिहिलं नाही म्हणून. मुलगी सोळाची, मेंदीच्या डिझाइनवर लिहिते. ब्लॉगवर जाहिराती लावून पैसे मिळवायला गूगलचं ॲडसेन्स हवं तर 18 पूर्ण लागतात, त्यामुळे खातं माझ्या नावावर. 10 डॉलर झाले की गूगल पत्ता खरा आहे का बघायला पोस्टाने पिन पाठवतं, ते पाकीट आलं तेव्हा सासूबाईंनी देवापुढे ठेवलं, हळदकुंकू वगैरे. पण हातात पैसे मिळतात 100 डॉलर जमल्यावर. तिला लागलं दीड वर्ष. तेवढ्यात आमच्या नात्यात बातमी पसरली की पोरगी घरबसल्या कमावते! एक मामा तर कर्ज मागायला आले होते. तेव्हा मिरवताना जरा बेतानं.

दिवेलागण

मी उलट बाजूची. मुलीने नववी ते अकरावी फुलपाखरांवर लिहिलं, छान चाललं होतं, मग एकदम बंद. मी बरंच खोदून विचारलं. म्हणाली, तू सगळ्यांना सांगत सुटलीस, आता प्रत्येक जण विचारतो पुढचं कधी, मजाच गेली. अजून सलतं मला ते.

पाटीपेन्सिल

वरच्या ताईंचं वाचून मलाला आठवली. 2009 मध्ये ती पाकिस्तानातल्या स्वातमधून बीबीसी उर्दूसाठी डायरी लिहायची, वय 11, तालिबानच्या भीतीने टोपणनाव 'गुल मकई'. एकाने तिच्या वडिलांनाच त्या डायरीचे कागद दाखवून कौतुक केलं म्हणे, आणि आपलीच पोरगी हे त्यांना सांगता येईना, नुसते हसले. आपली कारणं एवढी गंभीर नाहीत देवाच्या दयेने, पण तसं नुसतं हसणं मला जमेल का शंकाच आहे. बाकी मुलांची शाळा, क्लास, घराचा पत्ता ब्लॉगवर नको, फोटोतली शाळेची बॅजसुद्धा झाका.

घाटाखालची_आई

सगळ्यांचे आभार. फॅमिली ग्रुपवर टाकणं बंद केलंय, म्हणजे आजपासून. आबांना मात्र प्रिंट काढून देते, मोठ्या अक्षरात, ते वाचत नाहीत, घडी करून बंडीच्या खिशात ठेवतात आणि पारावर जातात. त्यांना कोण अडवणार?

ता.क. लेकीने हा धागा शोधलाच. रागावली नाही. वरती मी 'थोराळं' लिहिलं होतं, ते तेवढं दुरुस्त करायला लावलं.