अनुभव धागा : ठाण्यातलं सगळ्यात चांगलं पॅटिस कुठलं?

आधीच सांगतो, रगडा पॅटिस नाही आणि उपासाचंही नाही. बेकरीच्या काचेच्या कपाटात बल्बखाली बसलेलं, आत पिवळी भाजी असलेलं, पहिल्या घासालाच शर्टभर सांडणारं चौकोनी पॅटिस.

2011 पासून मी आणि माझा मित्र ठाण्यातली पॅटिसं खात हिंडतोय. तेव्हा कॉलेज सुटल्यावरची भूक आणि खिशातली दहाची नोट एवढंच कारण होतं. आता तो घोडबंदरला राहायला गेलाय, दोघांच्या पँटींची मापं दोनदा बदलून झाली, पण महिन्यातला एक शनिवार ठरलेला. नौपाडा, चरई, वर्तकनगर, कळवा झालं. कोलशेत बाकी आहे. नोंदींची वही आहे, तिच्यात तीनच रकाने : पापुद्रा, भाजी, बूड. बहुतेक पॅटिसं बुडावर नापास होतात. वरून सोनेरी आणि खालून भिजलेला पुठ्ठा.

आमचा पहिला नंबर आत्ता सांगत नाही. तुमचे अनुभव येऊ द्या.

कोपरीहून
आई ऑफिसातून येताना दोन पॅटिसं आणायची. खाकी पिशवीवर तेलाचा डाग किती मोठा पडलाय यावरून आम्ही पॅटिस किती ताजं ते ओळखायचो. माणसं पाच, पॅटिसं दोन. सुरी लावली की पापुद्रे ताटभर. कोपऱ्याचा तुकडा कुरकुरीत पण त्यात भाजी नाही, मधल्यात भाजी पण कडा नाही. यावरून भावाशी मारामाऱ्या झाल्यात. आजी काही मागायची नाही. सगळ्यांचं झालं की बोट ओलं करून ताटातले पापुद्रे टिपत बसायची. मला आता वाटतं, सगळ्यात चांगला वाटा तीच घेत होती. बेकरी कुठली ते आईलाही आठवत नाही.

ऐरोलीहून
नोकरीला जाताना ठाण्याला गाडी बदलायची. स्टेशनाबाहेर सॅटीस, म्हणजे बसगाड्यांचा उंच पूल, झाला तेव्हापासून ‘सॅटीसखाली पॅटिस’ हा एकच विनोद आमच्या ग्रुपवर चालू आहे. चव ठीक. विनोद त्याहून शिळा.

सासर पाचपाखाडी, माहेर पुणे
वाईट वाटून घेऊ नका, पण ज्यांनी आपटे रोडवर संतोष बेकरीसमोर रांग लावली नाही त्यांनी पॅटिसवर बोलू नये. ठाणेकरांनी मामलेदारच्या मिसळीवर धागा काढावा, मी स्वतः येऊन चार ओळी लिहीन. नवऱ्याला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, पुण्यात पॅटिसपेक्षा रांगेचंच कौतुक जास्त.

वर्तकनगरहून
गणपतीत आरतीनंतर वाटायला साठ पॅटिसं सांगितली होती. बेकरीवाल्याने गरमागरम दिली. मीच शहाणपणा करून ती स्टीलच्या डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. तासाभराने उघडलं तर सगळी घामेजलेली, एकमेकांना चिकटलेली. मग सोसायटीतल्या तीन घरांतले तवे मंद आचेवर ठेवून एकेक शेकलं. मायक्रोवेव्ह नको, त्यात पार चामडं होतं.

कळव्याहून
चार वर्षं भट्टीवर होतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. मैद्याच्या पोळीवर मार्जरीन, म्हणजे तेलापासूनचं लोण्यासारखं, पसरून घडी घालतात, लाटतात, गार करतात, परत घडी. तिहेरी घडी चार वेळा घातली तर 81 थर होतात. भट्टीत पिठातल्या पाण्याची वाफ होते, ती थर उचलते, मधलं मार्जरीन ते चिकटू देत नाही. घाईत पीठ गार केलं नाही तर मार्जरीन पिठात मुरतं आणि पॅटिसाची पुरी होते. खारीचं पीठही हेच.
‘पूर्वीची चव नाही’ म्हणणाऱ्यांसाठी : जानेवारी 2022 पासून तेला-तुपात ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना होणारी अपायकारक चरबी) 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. आमच्याकडचं मार्जरीन त्याच सुमारास बदललं.
आता बूड. भाजीत पाणी असलं तर बूड जातंच, पण चांगल्या भाजीचंही जातं, फक्त वेळ लागतो. आमचा ट्रे दुपारी चारला निघायचा. सहापर्यंत खा, आठला खाऊन आम्हाला नावं ठेवू नका. धागाकर्त्यांना एक विचारतो : वहीत वेळेचा रकाना कुठाय?

धागाकर्ता
वही काढून बसलो. रकाना नाहीच. मित्राची शनिवारची शिफ्ट साडेसातला सुटते, म्हणजे वहीतलं एकही पॅटिस आम्ही आठच्या आत खाल्लेलं नाही.
त्याला फोन केला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “म्हणजे परत नौपाड्यापासून?”
म्हटलं, हो.
“रजा टाकतो. पण ते कळव्याचं चारलाही वाईटच असणार, लिहून घे.”