शब्दचर्चा: सोलो 'काढला', 'घेतला' की 'मारला'?

टिळकवाडीकर
इंप्रोव्हायझेशनला, म्हणजे तिथल्या तिथं सुचेल ते वाजवण्याला, मराठीत बोलताना काय म्हणावं? मी गिटार शिकवतो. क्लासला निम्मी पोरं मराठी घरातली, निम्मी कन्नड. दोघांनाही इंग्रजी शब्द देतो आणि पुढं जातो. परवा एका विद्यार्थ्याच्या आजीनं अडवलं, "हा आत तासभर काय वाजवूलाय? रियाज म्हणावा तर एक ओळ दोनदा येत नाही." मला उत्तर देता आलं नाही. शब्दकोशातलं 'उत्स्फूर्त वादन' सांगायचं जिवावर आलं. उत्स्फूर्त म्हणजे आपोआप उमटलेलं. मी तर सहा सहा महिने पोरांची बोटं झिजवतो, तेव्हा कुठं चार बार (तालाचे मोजलेले तुकडे) नीट येतात.

शहापूरचा पेटीवाला
अहो, 'उपज' आहे की! गाता गाता ऐनवेळी सुचतं ती उपज. रागाचा एकेक स्वर घेऊन पायरीपायरीनं मांडत जाणं ती बढत. कुमार गंधर्व १९२४ साली आपल्या सुळेभावीत जन्मले, आणि आपण बेळगावात बसून शब्द उसने मागायचे?

टिळकवाडीकर
काका, उपज मान्य. पण एकच राग, एकच सा असेल तर ती पुरते. मोडल जॅझमध्ये एका स्केलवर, म्हणजे ठरलेल्या स्वरांवर, सोळा सोळा बार काढतात, तिथंही चालेल. कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) बदलायला लागल्या की पायाखालची जमीन सरकते, तिथं अडतं.

तुमच्या पेटीवर सांगतो. सी म्हणजे सा धरा. तीन कॉर्ड घ्या. डी मायनर सेव्हन: रे म ध सा. जी सेव्हन: प नी रे म. सी मेजर सेव्हन: सा ग प नी. आता दर कॉर्डला एकच स्वर वाजवा, आधी 'सा, नी, नी', मग 'म, म, ग'. डाव्या हातानं कॉर्ड नाही धरल्या तरी बदल ऐकू येतो. प्रत्येक कॉर्डच्या पहिल्या स्वरापासून सप्तकात मोजून तिसरा किंवा सातवा स्वर तेवढा घेतला, बाकी काही केलं नाही. ठोके देणारा मेट्रोनोम चाळीसवर लावून पोरांकडून महिनाभर हेच करून घेतो. गंमत त्या 'म'ची. पहिल्या कॉर्डवर तो तिसरा, दुसरीवर सातवा, आणि तिसरीवर तसाच धरून बसलात तर ग च्या अंगावर पडतो, खुपतो. मागं तानपुऱ्याचा एकच सा चालू असताना म ची अशी बदली होत नाही. ही बदली सांभाळत सुचणं, याला शब्द हवाय.

(हे मला उशिरा कळलं. कॉलेजात असताना गणपतीच्या ऑर्केस्ट्रात अख्ख्या गाण्यावर एकच पेंटॅटॉनिक (पाच स्वरांची स्केल) दामटली होती. गायिकेनं मागं वळून जे बघितलं, ते अजून आठवतं.)

निपाणीकर
कर्नाटक संगीतात याला 'मनोधर्म' म्हणतात. पण मराठीत मनोधर्म म्हणजे मनाची ठेवण, त्यामुळं घोटाळा होईल. त्यांच्याकडं आधी बांधलेल्या रचनेला 'कल्पित' म्हणतात. आपल्याकडं कल्पित म्हणजे मनातून रचलेलं, जे घडलंच नाही ते. बेंगळुरूहून आलेल्या सरांसमोर मी वर्षभर हा शब्द उलटाच वापरत होतो.

खानापूरची
सगळेजण नाम शोधताय. क्रियापदं बघा ना, दादा. सोलो म्हणजे गाण्यात एकट्यानं वाजवायचा तुकडा. आमच्या ग्रुपमध्ये कुणी 'सोलो काढला' म्हणालं तर त्यानं रेकॉर्ड ऐकून स्वर न् स्वर बोटावर आणला. गाणं काढतात तसंच. 'सोलो बसवला' म्हणजे घरी पाठ करून आला. 'सोलो घेतला' म्हणजे तिथल्या तिथं स्वतःचा वाजवला, कारण तान घेतात, जागा घेतात. आणि 'सोलो मारला' म्हटलं की समजायचं, पोरगं नुसतं वेगात सुटलं होतं, ड्रमवाल्याकडं बघितलंसुद्धा नाही. तुमचं इंप्रोव्हायझेशन त्या 'घेणे'मध्ये आलं. वेगळं नाम कशाला?

शहापूरचा पेटीवाला
हे पटलं. आणि तुमच्या त्या तिसऱ्या-सातव्या स्वरांना 'जागा' म्हणा. कॉर्ड बदलली की जागा बदलते. 'सा, नी, नी' पेटीवर वाजवून बघितलं. सून विचारत होती, कुठलं गाणं?

टिळकवाडीकर
आज क्लासात मुद्दाम कान देऊन बसलो. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "तिसऱ्या बारात कॉर्ड सुटली रे." ताल सुटतो, तशी कॉर्ड सुटली. हे मी शिकवलेलं नाही. पाटीवर मात्र 'इंप्रोव्हायझेशन'च ठेवणार, 'घेणे शिकवले जाईल' लिहिलं तर लोक भलतंच समजतील.

आजींनाही उत्तर दिलं. म्हटलं, "नातू जागा शोधतोय."

त्या म्हणाल्या, "टिळकवाडीत? परवडणार नाही त्याला."