अक्कलदाढेचं ऑपरेशन: अँटिबॅक्टेरियल टाक्यांना जास्तीचे पैसे द्यावेत का?

नौपाडाकर:
आईची (वय ६४) खालची अक्कलदाढ आडवी अडकलीये. पुढच्या शनिवारी इथल्याच एका क्लिनिकमध्ये काढणार. हिरडी उघडून, थोडं हाड घासून, दाढ तुकड्यांत काढायची, मग टाके. काउंटरवर विचारलं, साधे रेशमी की अँटिबॅक्टेरियल? दुसऱ्याचे पैसे बरेच जास्त. डॉक्टर म्हणाले, 'तुमची मर्जी.' आता आमच्या मर्जीला काय कळतंय! आईला डायबेटिस आहे आणि सकाळी मशेरी लागतेच. काय करू?

ओटीतली ताई:
दातांच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) बरीच वर्षं काढली, म्हणून लिहिते. रेशमाचा दोरा विणलेला असतो. तोंडातली लाळ त्याच्या पेडांमध्ये शिरते, जंतू तिथेच घर करतात. सातव्या दिवशी टाके काढताना दोऱ्यावर पांढरट चिकट थर दिसतो, वासही येतो. अँटिबॅक्टेरियल म्हणजे बहुतेक व्हिक्रिल प्लस नावाचा दोरा. तोही विणलेलाच, पण विरघळणारा आणि ट्रायक्लोसान या जंतुनाशकाचा लेप दिलेला. तो लेप दोऱ्यावर जंतू वाढू देत नाही, तेवढंच त्याचं काम. अख्खं तोंड काही निर्जंतुक होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये असे टाके सुचवलेत, पण सशर्त, आणि तो आधार मुख्यतः पोट वगैरेच्या ऑपरेशनांचा. तोंडातल्या टाक्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. परवडत असेल तर घ्या, नाही घेतले तर आईवर अन्याय केला असं वाटून घेऊ नका. मी विचारलं असतं ते वेगळंच: शुगर किती आहे?

कळवा_केमिस्ट:
ट्रायक्लोसान? ते तर अमेरिकेत बंद झालं ना?

ओटीतली ताई:
२०१६ मध्ये तिथल्या एफडीएने हात धुण्याच्या साबणांतून काढायला लावलं. रोज अंगाला लागणारा साबण वेगळा नि जखमेतला वीतभर दोरा वेगळा. टाक्यांवर ती बंदी नव्हती.

नौपाडाकर:
ताई, आधीच्या रिपोर्टमध्ये एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा) ९.१ आहे. डॉक्टरांना डायबेटिस सांगितलाय, आकडा नाही.

ओटीतली ताई:
हा बराच जास्त आहे. मग दोऱ्याचं राहू दे बाजूला. उद्याच तो रिपोर्ट दाखव, फिजिशियनशी बोलायला सांग. तारीख पुढे गेली तरी चालेल. मशेरी आत्तापासूनच बंद, नंतर निदान आठवडाभर तरी नाहीच; आई रुसतील, रुसू दे. पहिल्या दिवशी चूळ भरून जोरात थुंकायचं नाही, स्ट्रॉ नाही, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघते. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या. क्लोरहेक्सिडिन (जंतुनाशक माउथवॉश) दिलं तर ब्रश केल्यावर अर्ध्या तासाने, कारण टूथपेस्टमुळे त्याचा जोर कमी होतो. त्याने दात थोडे पिवळे-तपकिरी होतात, घाबरायचं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सूज वाढलेली दिसेल, ती साधी. पण त्यानंतर कानापर्यंत ठणका सुरू झाला तर तो ड्राय सॉकेट (रक्ताची गाठ निघून उघडा पडलेला खड्डा) असू शकतो, तेव्हा घरातल्या उरलेल्या अँटिबायोटिकने काही होत नाही, क्लिनिकमध्ये जाऊन खड्डा धुऊन घ्यावा लागतो. पू, ताप, तोंड उघडता न येणं किंवा गिळताना त्रास असेल तर वाट न बघता रात्री का असेना, हॉस्पिटल गाठा.

नौपाडाकर:
रिपोर्ट दाखवला. आधी शुगर आटोक्यात आणा म्हणाले, ऑपरेशन पुढच्या महिन्यात. टाके तेव्हा बघू. मशेरीची डबी मात्र माझ्या बॅगेत आहे.