कंट्रोल पेप्टाइडपण सिग्नल पाडतंय, काय करू? (मदत हवी आहे)

अर्धवट_पीएचडी:
ए२ए आणि डी२ वर ब्रेट करतोय (दोन प्रोटीन्स अगदी जवळ आली की एकावरच्या लुसिफरेजचा प्रकाश दुसऱ्यावरच्या चमकणाऱ्या टॅगला मिळतो, तोच सिग्नल). जोडी तोडणारं पेप्टाइड (प्रोटीनचा छोटा तुकडा) टाकलं की सिग्नल पडतो, मस्त, पण स्क्रॅम्बल्ड (तीच अमिनो आम्लं उलटसुलट लावलेलं कंट्रोल) टाकलं तरी तेवढाच पडतो!! डोस कमी केला, नवीन बॅच मागवली, सेल्स नव्याने काढल्या, ढिम्म फरक नाही. सोमवारी लॅब मीटिंग आहे आणि गाईड आधीच तापलेत. कोणी केलंय का हे? प्लीज लवकर.

कोकणी_बोका:
ए२ए, डी२ म्हणजे काय ते आधी मराठीत सांगा राव.

मायक्रोपिपेट:
पेप्टाइड कुठल्या रिसेप्टरचा तुकडा आहे? सेलच्या आत कसं शिरतंय? सिक्वेन्स काय? अर्धी माहिती गाळून "लवकर सांगा" म्हटल्यावर आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

अर्धवट_पीएचडी:
सॉरी, घाईत होतो. सेल्स हेक २९३ (माणसाच्या किडनीपासूनच्या, लॅबमधे वाढवतात त्या). डी२ च्या आतल्या तिसऱ्या लूपचा तुकडा, नेहमीचाच.

मायक्रोपिपेट:
"नेहमीचाच" हा सिक्वेन्स नसतो.

सुलभाताई:
@बोका, ए२ए हा अ‍ॅडेनोसिनचा रिसेप्टर, डी२ डोपामिनचा. रिसेप्टर म्हणजे सेलवरचं निरोप पकडणारं प्रोटीन. मेंदूतल्या स्ट्रायटममधे काही न्यूरॉन्सवर दोन्ही एकत्र असतात, आणि नुसते शेजारी नाही तर जोडी करून. ए२ए जागा झाला की डी२ ची डोपामिनवरची पकड सैल होते. या जोडीत डी२ च्या लूपमधल्या आर्जिनिनच्या रांगेचा मोठा हात आहे, क्रमांक २१७ ते २२२, आर-आर-आर-आर-के-आर (आर म्हणजे आर्जिनिन, के म्हणजे लायसिन, दोन्ही अमिनो आम्लं). सगळा धन भार. समोर ए२ए ची लांब शेपूट, तिच्यात ३७४ नंबरच्या सेरिनवर फॉस्फेट बसलं की ऋण भार. २००५ मधे अमिना वुड्स आणि सर्जी फेरे यांनी मास स्पेक्ट्रोमीटरमधे दाखवलं की ही आर्जिनिन-फॉस्फेट पकड इतकी चिवट आहे की कधी कधी पेप्टाइडमधला कोव्हॅलंट बॉंड आधी तुटतो.

गर्दी_आणि_भ्रम:
पकड-बिकड सोडा हो. ब्रेट सिग्नल आला म्हणजे जोडी झाली असं कोण म्हणतं? डीएनए जास्त ओतला की मेंब्रेनमधे गर्दी होते आणि दहा नॅनोमीटरच्या आत आपोआप येतात. सॅच्युरेशन कर्व्ह (टॅगवालं प्रोटीन वाढवत नेताना सिग्नल कसा बदलतो) काढली का? सरळ रेष आली तर नुसती गर्दी, चढून सपाट झाली तरच पुढे बोला. माझा अर्धा थिसिस या भानगडीत गेला.

मायक्रोपिपेट:
कर्व्ह काढावीच, पण प्रश्न तो नाहीये. तुमचा थिसिस प्रत्येक धाग्यात येतो.

जीपीयू_भाऊ:
एवढं कशाला? अल्फाफोल्डमधे (प्रोटीनचा आकार सांगणारा एआय) दोन्ही टाका, पाच मिनिटांत उत्तर.

सुलभाताई:
लूप आणि शेपूट दोन्ही लुळे, अल्फाफोल्ड तिथे नुसत्या शेवया काढतं.

अर्धवट_पीएचडी:
सुलभाताईंनी लिहिलाय तोच सिक्वेन्स. पुढे टॅट लावलाय आत शिरायला. स्क्रॅम्बल्ड लॅबमधल्या सीनियरने कधीतरी मागवलेलं, आर-के-आर-आर-आर-आर, त्यालाही टॅट. कर्व्ह सपाट होते, ते आधीच बघितलंय.

मायक्रोपिपेट:
अहो मग हे आधी सांगायचं ना!! सहापैकी पाच आर्जिनिन आणि एक लायसिन, त्यांची अदलाबदल करून बदललं काय? भार तेवढाच, गर्दी तेवढीच. वर टॅट, एचआयव्हीचा तुकडा, जी-आर-के-के-आर-आर-क्यू-आर-आर-आर, म्हणजे आणखी आठ धन भार. एकटा टॅटसुद्धा ए२ए च्या फॉस्फेटला चिकटू शकतो. नुसता टॅट टाकून बघितलं का?

अर्धवट_पीएचडी:
नाही बघितलं.

गर्दी_आणि_भ्रम:
आणि एवढ्या आर्जिनिनने सेल्स मरत असतील तर? नुसत्या लुसिफरेजचा प्रकाश पडतोय का तेही बघा. आणि याच आर्जिनिनवर कॅल्मोड्युलिनही (सेलमधलं कॅल्शियम ओळखणारं प्रोटीन) बसतं, पेप्टाइडने ते ओढून नेलं तर तुम्ही भलतंच मोजताय.

सुलभाताई:
यावेळी मात्र बरोबर बोललात. माझं मत, पेप्टाइड उलट्या बाजूने घ्या. ए२ए च्या शेपटीतला एस-ए-क्यू-ई-एस-क्यू, एकात दुसऱ्या सेरिनवर (३७४) फॉस्फेट, दुसऱ्यात नाही. सिक्वेन्स तोच, फरक फक्त फॉस्फेटचा. याला म्हणतात कंट्रोल. जमल्यास ए२ए मधे ३७४ च्या सेरिनच्या जागी अ‍ॅलानिन केलेला म्युटंटही चालवा.

नेटसेट_मार्गदर्शक:
जेआरएफची तयारी करणाऱ्यांनी रिसेप्टरमधे जी प्रोटीन नीट करा, हमखास येतं.

कोकणी_बोका:
अवांतर: कॉफी प्यायल्याने पार्किन्सन होत नाही म्हणतात ते याच ए२ए मुळे का? आमचे बाबा दिवसाला सहा कप पितात.

सुलभाताई:
"होत नाही" असं नाही, कॉफी पिणाऱ्यांत प्रमाण कमी दिसलंय. कॅफीन ए२ए अडवतं हे खरं. त्याच रिसेप्टरवरचं इस्ट्राडेफिलिन २०१३ ला जपानमधे आणि २०१९ ला अमेरिकेत पार्किन्सनसाठी मंजूर झालं, तेही लेवोडोपाबरोबर घ्यायचं. बाबांचे कप डॉक्टरांना विचारून ठरवा.

अर्धवट_पीएचडी:
नुसता टॅट आज संध्याकाळी लावतो, फ्रीझरमधे आहे थोडा. फॉस्फो पेप्टाइड यायला वेळ लागेल, गाईडला मेल टाकलाय. ३७४ चा म्युटंट प्लाझमिड कोणाकडे आहे का, व्हायएफपी (पिवळं चमकणारं प्रोटीन) टॅगवाला?

मायक्रोपिपेट:
टॅग कुठल्या टोकाला हवाय ते लिहा आधी.